आईनं हाक मारेपर्यंत

शहापूर, बेळगाव
ता. २४ नोव्हेंबर १९३४

ति. सौ. गुणाआक्का हिस,
धाकट्या ताराचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. दिवाळीला आले नाही म्हणून रुसलीस ते वाचून आधी हसू आलं, मग रडू आलं. पहिली दिवाळी माहेरची असते हे मला ठाऊक आहे, आणि आई-आप्पांच्या माघारी निपाणीचं तुझं घर हेच माझं माहेर. पण सासूबाई म्हणाल्या की नव्या सुनेनं पहिल्या वर्षी घर सोडायचं नसतं. असली रीत मी कुठं ऐकली नव्हती. ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले की आई म्हणते तर असंल.

तू घर विचारलंस, सांगते. सोप्यात दोन माग आहेत. एक थोरल्या भावजींचा, म्हणजे सुबरावांचा, आणि एक ह्यांचा. मधल्या खोलीत सासूबाईंचं बाजलं. तिथं बसलं की एका अंगाला माग दिसतात, दुसऱ्या अंगाला चूल, समोर रस्त्याचं दार आणि मागं परसाची वाट. पण त्यांना बघावं लागतच नाही. डोळे मिटून पडल्या पडल्या त्या नुसत्या आवाजावर ओळखतात कुणाचा माग चाललाय. धागा तुटून माग थांबला की आतून नाव येतं, कल्लाप्पा. ओरडून नव्हे, चहात साखर मागितल्यासारखं. हे जागेवरूनच धागा तुटला म्हणून सांगतात. माग परत सुरू होईपर्यंत घरात कुणी श्वास घेत नाही असं वाटतं. सुबराव भावजींच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत, तरी परसाकडं जायचं झालं तर ते मधल्या खोलीच्या दारात उभे राहतात, आणि आईनं मान हलवली की मगच जातात.

तू काळजी करशील म्हणून लिहिते, मारहाण नाही, शिव्या नाहीत. उलट माझ्या केसांना तेल त्याच लावतात. रोजचं लुगडं त्याच काढून देतात. ताटात काय आणि किती तेही त्याच वाढतात आणि मी खाते कशी ते बघत बसतात.

एक गंमत ऐक. रोज सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी त्यांच्यासमोर बसून आपलं स्वप्न सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी काही पडलं नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, पडतं समद्यास्नीच, तू लपवतीस. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही आणि माझ्यापायी ह्यांनाही नाही. दुसऱ्या दिवशी मी बनवून सांगितलं, की एक ओलं मांजर मागाच्या खड्ड्यात बसून वर बघतंय. सासूबाईंनी माझा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, मलाबी त्येच दिसलं गं. मला आत हसू दाबता येईना.

दाजींचा खोकला कसा आहे? वखारीतली तंबाखूची धूळ बाधते, तोंडाला फडकं बांधायला सांग. माया आहे तेवढी असू दे, कमी करू नकोस.

तुझी,
तारा


निपाणी
ता. ९ डिसेंबर १९३४

चि. सौ. तारा हिस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं मांजर वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. तू शाळेत मास्तरीणबाईंना थापा मारायचीस त्या आठवल्या. तुझे दाजी म्हणाले, आपल्याला तर वखारीतली पोती सोडून स्वप्नात दुसरं काही दिसत नाही, तुझ्या सासूनं, बायाक्कांनी, आपल्याला जन्मात चहा दिला नसता.

सासू म्हटली की थोडं सोसावं लागतंच. माझ्या सासूबाईंनी पहिलं वर्षभर मला मिठाच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. पण एक गोष्ट मनात राहिलीय. तुझ्या लग्नात मी थोरल्या जावेची चौकशी केली, तेव्हा तिथल्या बायकांनी ती गेली एवढंच सांगितलं. कुठं गेली म्हटलं तर पानं वाढायला निघून गेल्या. तुला काही कळलं तर लिही. आणि कल्लाप्पा स्वभावानं कसा आहे ते तू एका ओळीनंही लिहिलं नाहीस. लाजतीस का?

गुळाची ढेप मोटारीवाल्याजवळ पाठवलीय. आठवण काढत जा, मी तर रोज काढते.

तुझी,
आक्का


शहापूर
ता. ११ एप्रिल १९३५

ति. आक्कास,
ताराचा नमस्कार वि. वि.

आधी गोड बातमी. मला चौथा लागला. आता तुझ्याकडं यायचं कारण सापडलं, पहिलं बाळंतपण माहेरी करतात ही रीत तर कुणाला मोडता येणार नाही.

तू थोरल्या जावेचं विचारलं होतंस. तिचं नाव भावकू, सांबऱ्याची. शेजारची यल्लव्वा मावशी सुताच्या कांड्या भरायला आमच्याकडं येते, तिनं परवा परसात सांगितलं. भावकूचे दिवस भरले तेव्हा सासूबाईंनी तिला मागच्या सुताच्या खोलीत ठेवलं. बाहेरची बाई घरात नको म्हणून सुईण बोलावली नाही आणि दाराला कडी घातली. भावजींना म्हणाल्या, तू तुझ्या मागावर बस. ते बसले. आतून भावकू दार वाजवत होती आणि भावजी मागावर धोटा मारत होते. यल्लव्वा म्हणते, कुठला आवाज दाराचा आणि कुठला मागाचा ते बाहेर ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. मग एक आवाज थांबला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सुबराव, आता ऊठ. मूलही गेलं.

मी ऐकलं आणि घरात आले, तर भावजी नेहमीसारखे विणत होते. त्यांच्या हातचं लुगडं शहापुरात सगळ्यांत दाट असतं म्हणतात.

ह्यांचा स्वभाव विचारलास. वाईट नाहीत. कधी बेळगावच्या कॅम्पात लुगडी पोचवायला जातात, आले की दारात उभे राहतात, सासूबाई त्यांच्या सदऱ्याचा वास घेतात, मग आत येतात. मी एकदा म्हणाले, तुम्हाला राग येत नाही का. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले, एखादं मूल परक्या भाषेतलं बोलणं ऐकतं तसे.

आणि ते मांजर. आक्का, मी ते थापेनं सांगितलं होतं, पण आता ते मला खरंच दिसतं. परवा मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी तेच स्वप्न सांगितलं, तेच ओलं मांजर, तेच वर बघणं. भावजी मात्र दररोज एकच सांगतात, की मी एका बंद दाराबाहेर उभा हाय. सासूबाई त्यावर समाधानानं मान हलवतात आणि चहा ओततात.

यल्लव्वा बाजारात निघालीय, पत्र तिच्याजवळ देते. दाजींना कधी पाठवतेस ते लवकर कळव. जिव्हाळा आहे तो असाच ठेव.

तुझी,
तारा


निपाणी
ता. २५ एप्रिल १९३५

चि. सौ. तारा हिस,
आक्काचे खूप खूप आशीर्वाद.

बातमी वाचून मी अंबाबाईला साखर ठेवली. दाजींनी वखारीत पेढे वाटले आणि मुकादम काका होणार म्हणून लोकांनी त्यांना भंडावलं.

तारे, बाकीचं मी दाजींना वाचून दाखवलं. भावकूचं झालं तसं तुझं होऊ द्यायचं नाही. सातवा लागला की दाजी स्वतः तुला न्यायला येतील. जून संपता संपता मोटारीनं यायचं, इथं चांगली सुईण आहे, दवाखानाही आहे. बायाक्का काही म्हणाल्या तरी तू गप्प राहा, बोलायचं ते दाजी बोलतील. तोवर अंगावर काही काढू नकोस. कल्लाप्पालाही माझा निरोप सांग, की बायको तुझी आहे.

बाळंतविड्याचं मी आतापासून जमवतेय. तुझ्या वाटेकडं डोळे लागलेत.

तुझी,
आक्का


शहापूर
ता. १९ मे १९३५

निपाणीच्या गुणाबाईस बायाक्काचा आशीर्वाद.

मला लिवाय येत न्हाय. मी सांगतीया आन् माझा सुबराव जसंच्या तसं लिवतोय.

तुझं पत्र पोचलं. घरात येणारं समदं आदी माझ्या हातात येतं, भाजी असू दे न्हायतर कागुद. सुबरावनं मला वाचून दावलं. भावकूचं नाव आलं तवा त्यो थांबला. मी म्हनलं वाच, आन् त्यो वाचला. माझी पोरं माझा शबुद मोडत न्हाईत, तुझ्या निपाणीत असं एक घर दाव.

तुला वाटतंय ही म्हातारी वाईट हाय. तर ऐक. पलेग आला तवा समदा गाव माळावर झोपड्या घालून ऱ्हायला गेला. माझा दादलाबी चल म्हणाला. मी न्हाय म्हनलं. त्यो एकला गेला आन् माळावरच मेला. मी ह्या दोन पोरांस्नी घिऊन दार लावून आत बसले. कल्लाप्पा अंगावर पीत होता. सुबराव भाईर जायाला रडायचा, त्याला मी मागाच्या खांबाला बांधून ठिवला. शेजारची पोरं मेली. माझी जगली. तवापासनं दार माझ्या हातात हाय, आन् ह्या घरात कोण वंगाळ मेलं न्हाय. भावकू मेली ती माझं ऐकली न्हाय म्हणून. तिला म्हनलं वरडू नको, ती वरडली.

तुझ्या भणीला मी जपतीया. तिला भाईरचं वारं लागू न्हाय म्हणून सुताच्या खोलीत गादी घातलीया. तिचं बाळ माझ्या हातावर यील. तुझ्या मालकानं, परशरामनं, यायची तसदी घिऊ न्हाय.

तू पोरीवर माया करतीस, मला आवडलं. पण मायेला कडी लागती, ती तुला लावता येत न्हाय.

बायाक्का
(लिहिणार सुबराव)


शहापूर
ता. २३ जून १९३५

आक्का,

नमस्कार. सुताच्या खोलीला यल्लव्वाच्या परसाकडं एक लहान झरोका आहे, तिथून हे तिला देईन. कागद सुताच्या पुडक्याचा आहे.

मला आत ठेवल्याला महिना होऊन गेला. किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते. त्याच येतात, माझे केस विंचरतात, पोटावर हात ठेवून बाळाशी बोलतात आणि जातात. बाळाला त्या सुबराव म्हणतात. ह्यांना मी दारातून हाक मारली. हे आले, दारापलीकडं उभे राहिलेले मला कळत होते, पण बोलले नाहीत. आईनं बोल म्हटलं नव्हतं.

सकाळची स्वप्नं मला भिंतीतून ऐकू येतात. आज ह्यांनी मांजर सांगितलं. मग भावजी म्हणाले, आज दार उघडं होतं. सासूबाईंनी विचारलं, मग? ते म्हणाले, मी आत गेलो. आत काय होतं म्हणून विचारलं. ते म्हणाले, तू होतीस. त्यानंतर चहा ओतल्याचा आवाज आला नाही.

दाजींना म्हणावं थांबू नका. मला आता इथं बरं वाटायला लागलंय, त्याचीच भीती वाटते.

तारा


शहापूर
ता. १ जुलै १९३५

चि. सौ. गुणाबाई हिस परशरामचे आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. तारा जिवंत आहे, माझ्याजवळ आहे, पोटातलं मूल सुखरूप आहे असं सुईण म्हणते. आता पुढचं.

काल बेळगावात उतरलो आणि चालत शहापूर गाठलं. अमावास्या होती. अमावास्येला कोष्ट्याच्या घरात माग चालत नाही, तू जाणतेस. सगळी आळी गप्प, लोक पारावर बसलेले, बाया ओसरीवर धान्य निवडत होत्या. फक्त एका घरातून मागाचा आवाज येत होता. यल्लव्वा म्हातारी त्या घराच्या पायरीवर माझीच वाट बघत बसली होती. म्हणाली, कालधरनं आत गेले नव्हते, भ्या वाटतंय, पर आज अमावास्येला माग चाललाय, तुमी आलासा बरं झालं.

आत गेलो. दोघं भाऊ विणत होते. मला बघून कल्लाप्पानं ओठावर बोट ठेवलं आणि आई झोपलीय असं हळू सांगितलं. मी विचारलं, आज माग कसा चालू. तो म्हणाला, आईनं बंद करा म्हटलं न्हाय. तारा कुठं म्हणून विचारलं, तर दोघंही खाली बघायला लागले. सुबराव म्हणाला, किल्ली आईकडं हाय. मग जाऊन घे म्हटलं. त्यानं विणणं थांबवलं नाही, पण डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, समोरच्या साडीवर. म्हणाला, तिनं अजून दिली न्हाय.

मी मधल्या खोलीत गेलो. बायाक्का बाजल्यावर होती. वाकळ गळ्यापर्यंत ओढलेली, केस नीट विंचरलेले. बाजल्याशेजारी चहाचे दोन पेले, एकावर साय धरून काळी पडलेली आणि दुसरा त्या दिवशी सकाळचा. डोक्याखालची उशी काळी झाली होती. मी वाकळ उचलली. काय दिसलं ते लिहीत नाही. किल्ली कमरेला होती. गुणा, मी मढ्याला पुष्कळदा खांदा दिलाय, पण त्या बाईच्या कमरेची किल्ली सोडताना वाटलं की आता डोळे उघडून माझं नाव घेईल.

सुताच्या खोलीचं दार उघडलं. तारा भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मला बघून रडली नाही, हसली नाही. तिनं विचारलं, आईंनी सांगितलं का बाहेर यायला?

मग सुबरावनं सांगितलं, विचारलं तेवढ्याचीच उत्तरं देत. शनिवारी सकाळी ताराच्या पोटात कळ आली. तिनं दार वाजवलं. सुबराव आईकडं गेला आणि सुईण आणू का म्हणाला. ती म्हणाली, तू तुझ्या मागावर बस. तो बसला. दार वाजतच होतं. त्यानं धोटा खाली ठेवला. आतून नाव आलं, सुबराव. तो उठला, मागाचा जाड दांडा काढून घेतला आणि आत गेला. ती डोळे मिटून पडली होती. पावलांवरून ओळखून ती म्हणाली, बस जा. एवढंच शेवटचं बोलली.

नंतर त्यानं तिचं तोंड पुसलं, केस विंचरले, वाकळ घातली आणि मागावर येऊन बसला. ताराला सोडवायलाच त्यानं हे केलं, पण आईच्या कमरेला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. झरोक्यातून यल्लव्वानं पाणी दिलं म्हणून पोर तगली. तिची कळ आपोआप थांबली.

मी कल्लाप्पाला विचारलं, तू त्याच सोप्यात होतास, ऐकलंस की नाही. तो म्हणाला, ऐकलं. मग उठला का नाहीस? तो म्हणाला, हाक मला न्हवती. काल सकाळचा चहा आईजवळ त्यानंच नेऊन ठेवला होता. ती प्यायली नाही म्हणून स्वतःही प्यायला नव्हता.

सांगली संस्थानचे फौजदार आले. त्यांनी चल म्हटल्यावर सुबराव उठला, मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला. शिपायांनी ओढलं तरी हलेना. मग त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. मला काही कळेना. यल्लव्वा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, बाबा, तुमी मान हलवा. मी मान हलवली. तो निमूट चालायला लागला.

उद्या ताराला घेऊन निघतो. मागच्या खोलीत तिचं अंथरूण घाल. दार मात्र उघडंच ठेव.

परशराम


निपाणी
ता. १५ मार्च १९३६

चि. सौ. तारा हिस,
आक्काचे आशीर्वाद.

तू तान्ह्या बाळीला घेऊन वडगावला कल्लाप्पाकडं गेलीस त्याला पंधरवडा झाला, आणि माझं अजून जेवणात लक्ष लागत नाही. पाळण्याची दोरी तशीच लोंबतेय, दाजी येता जाता तिला हात लावतात.

मी तुला अडवलं नाही. अडवलं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. पण विचारल्यावाचून राहवत नाही. सुबरावनं खून केला, त्याची शिक्षा तो भोगतोय. कल्लाप्पानं काहीच केलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. तू आत दार वाजवत होतीस आणि तो विणत होता. अशा माणसाच्या घरी तू कशाच्या भरवशावर गेलीस? तो वाईट वागला तर निदान दिसेल, पण तो काहीच वागला नाही तर तुला कळणार कसं?

रागावून लिहिलं असेल तर ते माझ्या वयावर घाल आणि मला अंतर देऊ नकोस.

तुझी,
आक्का


वडगाव, बेळगाव
ता. ६ एप्रिल १९३६

ति. आक्कास,
ताराचा आणि बाळीचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू विचारतेस ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. मी इथं आले त्याचं कारण सांगते, पण ते तुला पटेल असं नाही.

निपाणीत हे मला भेटायला आले होते त्या दिवशी तू बाजारात गेली होतीस. हे रस्त्यावर उभे होते. कधीपासून ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. कुणी या म्हटलं नाही म्हणून उन्हात उभेच होते, पाय सुजले होते. मी आत या म्हणाले तेव्हा आले, बसा म्हणाले तेव्हा बसले. तेव्हा मला वाटलं, की ह्या माणसाला मी असंच सोडलं तर दुसरं कुणीतरी येऊन त्याला ऊठ-बस म्हणेल, आणि ते कोण असेल काही सांगता येत नाही. शिवाय बाळीचे बाप हेच.

शहापूरचं घर बंद आहे. कुणी भाड्यानं घेत नाही. हे आता वडगावात दुसऱ्याच्या मागावर विणतात. मालक म्हणतो असा कारागीर मिळाला नव्हता, धागा तुटला तरी मान वर करत नाही.

मागल्या आठवड्यात आम्ही सांगलीला जाऊन भावजींना तुरुंगात भेटलो. कोर्टानं फाशी न देता जन्मठेप दिली हे तुला दाजींनी सांगितलंच असेल. तब्येत भरलीय, चेहरा इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता. म्हणाले, हितं लई बरं हाय. ऊठ म्हंत्यात तवा उठायचं, जेव म्हंत्यात तवा जेवायचं, दार त्येच लावत्यात. मी बाळीला गजांजवळ धरलं. त्यांनी हात पुढं केला नाही, आधी शिपायाकडं बघितलं. शिपाई दुसरीकडं बघत होता, मग भेटीची वेळ संपली.

आता जे लिहिते ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. काल दुपारी ह्यांना सुटी होती. मी भाकऱ्या थापत होते, बाळी वाकळेवर खेळत होती. हे तिच्याकडं बघत बसले होते. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, घेऊ का हिला? एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही मागितलं. आणि मी नको म्हणाले. कारण काहीच नव्हतं. हात माझे पिठाचे होते, त्यांचे स्वच्छ होते, तरी नको म्हणाले. त्यांनी लगेच हात मागं घेतले आणि मांडीवर ठेवले. जरासुद्धा वाईट वाटलेलं दिसलं नाही. आणि मला बरं वाटलं. सगळ्या अंगाला ऊब आल्यासारखं बरं वाटलं. घरात आपण म्हणू तसंच होतंय, कुणी हलत नाही, सगळं जागच्या जागी आहे, हे किती सुखाचं असतं ते मला त्या क्षणी कळलं. सासूबाई आयुष्यभर काय चाखत होत्या ते कळलं.

मी तवा उतरवला, घागर घेतली आणि काही न सांगता विहिरीवर गेले. बाळीला घ्या म्हणाले नाही, घेऊ नका म्हणाले नाही. विहिरीवर बायकांशी बोलत उभी राहिले, पण कान घराकडं होते. बाळी रडायला लागली. माझं दूध सुटून चोळी भिजली, तरी पाय उचलला नाही. एक बाई म्हणाली, अगं तुझी पोर रडतीया. मी म्हणाले, घरात बाप हाय. रडणं वाढत गेलं, मग टाहो फुटला, आणि मग एकदम थांबलं.

त्या शांततेत मी घागर टाकून धावले. दार सताड उघडं. आत वाकळ रिकामी, हे नाहीत, बाळी नाही. आक्का, त्या रिकाम्या खोलीत मला काय काय दिसलं ते मी तुला कधीच सांगणार नाही. मागच्या दारानं बाहेर आले, परस बघितलं, विहिरीकडं परत बघितलं. मग आळीच्या टोकाला बघितलं.

हे तिथं उभे होते, डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही. बाळीला छातीशी असं गच्च धरलं होतं, जशी काठोकाठ भरलेली घागर कुणी नेतंय. कुणाची तरी म्हैस झाडाला बांधली होती, ती ते तिला दाखवत होते. बाळीनं ह्यांच्या कानाची पाळी मुठीत धरली होती. मी लांब उभी राहिले. त्यांनी मला बघितलं. मला वाटलं आता विचारतील, तोंडावर तो प्रश्न आलाही. पण म्हशीनं कान हलवला, बाळी हसली, आणि हे तिच्याकडं वळले ते वळलेच.

बऱ्याच वेळानं दोघं परत आले. भाकरी गार झाली होती. ह्यांनी ती आपल्या हातानं वाढून घेतली आणि खाल्ली, मला विचारलं नाही. मग म्हणाले, कालवणात मीठ कमी पडलंय. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला पहिल्यांदा नाव ठेवलं.

पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. मी रोज स्वतःवर नजर ठेवून असते, तूही दुरून ठेव. पाळण्याची दोरी काढू नकोस, आषाढात आम्ही तिघं येतो, हे म्हणालेत. तोवर दाजींना आणि तुला आमच्या तिघांची आठवण राहू दे.

तुझी,
तारा